चिवट मांस, मंद आच

फिलाडेल्फियात राहून चीजस्टेक घरी स्लो कुकरमध्ये करायचा, हे इथल्या जुन्या खवय्यांना पटत नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे. १९३० साली साउथ फिलीत हॉटडॉग विकणाऱ्या पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या भावांनी पावात भरलं ते तव्यावर परतलेलं गोमांस आणि कांदा. चीज मागाहून आलं. त्यांच्या दुकानात आजही रिबआयचे पातळ काप तापल्या तव्यावर पडतात आणि बघता बघता पावात जातात. त्यामुळे मी घरी करते त्याला चीजस्टेक म्हणतच नाही. पण मला तो गरम सँडविच फार आवडतो, आणि बहुतेक घरी तो बिघडतो याचं वाईट वाटतं.

बिघडतो तो मांस निवडतानाच. महागातलं मऊ रिबआय दिवसभर शिजवलं की त्याचा कोरडा चोथा होतो. इथे हवा खांद्याचा भाग, खाटीक ज्याला चक म्हणतो तो. जनावर चालताना हा स्नायू सतत राबतो, म्हणून तो चिवट आणि म्हणूनच स्वस्त. पण त्यातलं कोलॅजन सत्तर-ऐंशी अंशांवर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. सात-आठ तासांनी काटा टोचून नुसता फिरवावा, धागे आपोआप सुटतात आणि रस बोटांना चिकटतो. हा चिकटपणा आला नसेल तर मांस अजून तासभर राहू द्यावं.

स्लो कुकरला एक गोष्ट मुळीच जमत नाही, ती म्हणजे खरपूसपणा. आतलं तापमान उकळबिंदूच्या पुढे जातच नाही, मग मांस लाल-तपकिरी होणार कसं? म्हणून आधी तुकडा टिपून कोरडा करायचा आणि लोखंडी तव्यावर सगळ्या बाजूंनी भाजून घ्यायचा. हा टप्पा वगळू नये. पाणी अर्धी वाटी पुरे, कारण वाफ झाकणाला लागून परत खालीच ठिबकते. आणि झाकण सारखं उघडून बघू नये. एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात. कांदा आणि ढोबळी मिरची मी शेवटी वेगळी परतते. सकाळपासून आत टाकली तर संध्याकाळी तिचा लगदा हाती येतो. चीजही कुकरमध्ये घालायचं नाही, ते फाटतं. पाव आधी भाजावा, त्यावर निथळलेलं मांस, वर प्रोव्होलोनचे काप, आणि ओव्हनच्या वरच्या आचेखाली चीज विरघळेपर्यंतच. कुकरमधला रस वाटीत वेगळा द्यावा.

या भांड्याची कुळकथा मला मोलाची वाटते. आयर्विंग नॅक्सन यांच्या आईनं त्यांना आपल्या लहानपणच्या विल्नियसची गोष्ट सांगितली होती. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी चोलंट या दाट रश्शाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आणायचं. त्यावरून नॅक्सननी विजेचं भांडं बनवलं. १९४० मध्ये पेटंट मिळालं. १९७१ मध्ये ते क्रॉक-पॉट या नावानं बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या बाईला दारातच शिजल्या जेवणाचा वास यावा, ही केवढी मोठी सोय!

इथली बरीच मराठी घरं हे भांडं राजम्यासाठीही घेतात. त्यांना कळकळीची विनंती आहे. जी मंद आच मांसाला मानवते, तीच कच्च्या लाल राजम्याला घातक ठरते. त्यातलं विषारी द्रव्य तेवढ्या उष्णतेनं नष्ट होत नाही, आणि उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला.