घोड्याचा कान



मोतीबिंदूच्या भानगडीत बरेच दिवस लिहिणं झालं नाही. असो. आज आमच्या घरातल्या घोड्याविषयी.

लहानपणी बहिरमच्या यात्रेत घोड्यांचा पाळणा असे. मधे खांब, त्याला आडवे दांडे, दांड्यांना टांगलेले लाकडी घोडे. पाळणेवाला हातानं ढकलायचा आणि वेग आला की स्वतःच लटकायचा. रोडगे-वांग्याची भाजी खाऊन त्यात बसलं की काय होतं, ते अनुभवी लोकांना सांगायला नको! काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या पाळणेवाल्यानं आपले घोडे भंगारात काढले. "गुरुजी, पोट्टे आता फायबरच्या मोटारीत बसतात, लाकडाच्या घोड्याले कोन इचारते?" एक मी राजापेठेत घेऊन आलो. कान तुटका, अंगावर ऑइलपेंटचे थरावर थर.

मुलगा म्हणतो, रंग खरवडून पॉलिश करू, हॉलमध्ये ठेवू. मला हे पटत नाही.

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा ब्रुकलिनला नदीकाठी 'जेन्स कॅरोसेल' पाहिला. १९२२ साली बनलेला, ४८ घोड्यांचा. ओहायोतली ती बाग बंद पडली, तेव्हा १९८४ च्या लिलावात जेन वॉलेंटस आणि त्यांच्या यजमानांनी तो घेतला. बाईंनी रंगाचे थर हातानं खरवडून खालचा मूळ रंग शोधला, त्यात वर्षानुवर्षं घालवली. २०११ मध्ये तो पुन्हा फिरू लागला. त्यावर पोरं बसतात, हे महत्त्वाचं.

मग आपणही खरवडावं का? नाही. तिथं कारखान्यातून आलेला एक मूळ रंग होता. आमच्या घोड्याला दरवर्षी यात्रेआधी मालकच रंग देई, हाती येईल त्या डब्यातला. खरवडलं तर खाली नुसतं लाकूड उरेल आणि त्या माणसाचा हात पुसला जाईल.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही. लाकूड जुनं आहे, एखादं पोर पडलं तर जबाबदार कोण? पण चालती वस्तू बंद पडली की मगच आपल्याला तिचं प्रेम येतं. शकुंतला धावत होती तेव्हा 'बैलगाडी बरी' म्हणून हसणाऱ्यांत मीही होतो. १९९४ साली तिचं वाफेचं इंजिन गेलं, पुढे गाडीही थांबली, आणि आता आम्ही तिचे फोटो एकमेकांना पाठवतो.

रविवारी सुतार येतोय. कान सागवानाचा बसवायचा ठरलंय. रंगावर अजून वाद आहे, सूनबाई पिवळ्याच्या बाजूनं. पाठीत दांडा अडकवायचं भोक आहे, ते बुजवू नकोस, असं सुताराला फोनवर दोनदा बजावलंय. ओसरीची तुळई भक्कम आहे, आणि दिवाळीला नातवंडं येतायत.