टाकळा वाळवा, पण पत्र्यावर नको

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू बांधावर फुकट मिळतात. पाला वाळवून पावडर विकणारे वाढलेत, चांगलंच आहे. पण ऊन पडलं की पाला पत्र्यावर टाकायचा, हे मला पटत नाही. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा कॅरोटीन थेट उन्हात बरंच जातं. लोह, कॅल्शियम कुठं जात नाही. क जीवनसत्त्व मात्र सावलीतही घटतं, तेव्हा पाकिटावर ‘क’ भरपूर असं छापू नका.

सावलीत पातळ पसरा, वारा खेळता ठेवा. श्रावणातल्या दमट हवेत पंखा लावा, नाहीतर बुरशी धरते. हे सगळं करा म्हणतो खरं, पण व्यापारी फिक्या आणि हिरव्यागार मालाला एकच भाव देतो. मग एवढा खटाटोप कोण करणार?