जांघेतलं दुखणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन



नवरात्र संपून आठ-दहा दिवस झाले की माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत विशी-पंचविशीतल्या मुलामुलींची ये-जा वाढते. आपल्या बडोद्यात नऊ रात्री गरबा खेळल्यावर पोटऱ्या आणि घोटे दुखणारच. ते आठवडाभरात थांबतातही. पण दरवर्षी दोन-चार जण वेगळे निघतात. "ताई, कंबर दुखते," म्हणतात. मी म्हणते, नक्की कुठे ते हात ठेवून दाखव. हात कमरेवर जातच नाही. तो जांघेत जातो, नाहीतर अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याला धरतो. शेजारी आई किंवा काकू बसलेली असते, म्हणून 'जांघ' हा शब्द तोंडातून निघत नाही, एवढंच! आणखी दोन प्रश्न विचारले की कळतं, दुखणं गरब्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

हा संकोच महाग पडतो. कमरेचा एक्स-रे निघतो, कमरेला शेक दिला जातो, पट्टा बांधला जातो आणि खुब्याकडे कोणी बघतच नाही. म्हणून या वेळी खुब्याच्या इंपिंजमेंटबद्दल, म्हणजे सांध्यात हाडाला हाड अडण्याबद्दल लिहिते आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक हा गोळा. वाटीच्या काठाला लॅब्रम नावाची मऊ, चिवट कडा असते, डब्याच्या झाकणाला रबराची रिंग असते तशी. काहींच्या गोळ्याखालच्या मानेवर हाडाचा उंचवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. काहींची वाटीच जरा जास्त पुढे आलेली असते, ते पिन्सर. अनेकांत दोन्ही थोडंथोडं असतं. मांडी पोटाकडे घेऊन आत वळवली की उंचवटा काठावर आदळतो. हजारदा आदळला की कडा फाटते, आणि शेजारची गुळगुळीत कूर्चा सोलवटू लागते.

म्हणूनच दुखण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. ऑफिसात किंवा लांबच्या गाडीप्रवासात बराच वेळ बसल्यावर, खालच्या सीटवरून उठताना, उकिडवं बसताना, बुटाची नाडी बांधताना. नवीन लग्न झालेल्या मुलींना सहजीवनातही त्रास होतो, पण तो त्या कोणालाच सांगत नाहीत. डॉक्टरांना जरूर सांगा. निदानासाठी ती माहिती उपयोगाची असते.

हे नीट उलगडलं स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या राइनहोल्ट गान्झ या सर्जननी. 2003 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की खुबा झिजण्यामागे नेहमीच नुसतं वय नसतं. तरुणपणापासूनचा हा आकारही एक कारण असू शकतो. किशोरवयात हाडं वाढत असताना फुटबॉल, बास्केटबॉलसारखे खेळ फार जोरात खेळणाऱ्यांमध्ये कॅम जास्त दिसतो, हेही पुढे लक्षात आलं. गान्झ यांचं ऑपरेशन सांधा पूर्ण उघडून होत असे. नंतर तेच काम दुर्बिणीतून होऊ लागलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एक्स-रेमध्ये असा आकार दिसणं म्हणजे आजार नव्हे. हाच आकार घेऊन हिंडणारे, खेळणारे आणि कधीच न दुखणारे कितीतरी लोक आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या विकेटकीपरच्या दोन्ही खुब्यांत सारखाच उंचवटा होता. दुखत होता फक्त उजवा. 2016 साली इंग्लंडमधल्या वॉरिक इथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एकमतानं सांगितलं की तीन गोष्टी जुळल्या तरच याला आजार म्हणायचं. दुखणं त्या जातीचं हवं, तपासताना डॉक्टरांना तशी लक्षणं मिळायला हवीत, आणि तिसरा एक्स-रे किंवा एमआरआय. हातात नुसता रिपोर्ट घेऊन कोणी घाबरवलं तर बाकीच्या दोन गोष्टींचं काय, हे विचारा.

तरुण वयातल्या जांघेच्या दुखण्याची इतर कारणंही आधी तपासावी लागतात. स्टेरॉइड घेतल्यानंतर किंवा फार दारू पिणाऱ्यांमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. सकाळी तासभर कंबर-खुबा आखडलेला आणि हालचालीनं मोकळा होणारा असेल, तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. आपल्याकडे सांध्याचा क्षयही विसरून चालत नाही. बारा-चौदा वर्षांचं मूल लंगडत असेल, मग ते गुडघाच दुखतो म्हणत असलं तरी, त्याच्या खुब्याचा एक्स-रे लगेच काढून घ्या.

निदान पक्कं झालं की पहिली पायरी व्यायामाची. इंटरनेटवर बघून केलेलं स्ट्रेचिंग इथे चालत नाही. उलट गुडघा छातीशी ओढून ओढून ताणल्यानं दुखणं वाढतं. नितंबाचे आणि पोटाचे स्नायू मजबूत करणं, खुर्चीची उंची वाढवणं, दर अर्ध्या तासानं उठणं, उकिडव्या बैठका काही काळ बंद ठेवणं, असा तीन महिन्यांचा शिस्तीचा कार्यक्रम लागतो. भरतनाट्यम शिकणारी एक मुलगी अरमंडीत बसली की कळवळायची. तिच्या गुरूंशी बोलून पावलांचा कोन थोडा बदलला, बारा आठवडे व्यायाम केला. ती आज ऑपरेशनाशिवाय नाचते आहे. विकेटकीपरचं तसं झालं नाही. तीन महिन्यांनी त्याला बसणं-उठणं जमू लागलं, पण यष्टीमागे दहा षटकंही निघेनात. एमआरआयमध्ये लॅब्रम फाटलेली होती, कूर्चा मात्र चांगली होती. त्यानं ऑपरेशन करून घेतलं.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, म्हणून व्यायामाचीच बाजू घेईन असं वाटेल. पण आकडे आहेत तसे सांगते. 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनच्या 23 रुग्णालयांतल्या 348 रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, निम्म्यांना नीट आखलेली फिजिओथेरपी दिली. वर्षभरानं दोन्ही गट सुधारले, पण ऑपरेशनवाले जास्त. 100 गुणांच्या मोजपट्टीवर फरक होता 6.8 गुणांचा. पुढच्या वर्षी 'बीएमजे'मधल्या 222 रुग्णांच्या अभ्यासातही ऑपरेशनच पुढे होतं. म्हणजे ऑपरेशनाचा फायदा खरा आहे, पण तो चमत्कार नाही. आणि ते केल्यानं म्हातारपणी खुबा झिजणार नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा.

ऑपरेशन कसं होतं? भूल देऊन पाय यंत्रानं हळूहळू ओढतात, म्हणजे गोळा आणि वाटी यांच्यात सेंटिमीटरभर फट पडते. साधारण सेंटिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण आणि बारीक हत्यारं आत जातात. फाटलेली कडा छोट्या अँकरनं हाडाला पुन्हा शिवतात आणि उंचवटा फिरत्या यंत्रानं घासून गोल करतात. छिद्रं छोटी म्हणून ऑपरेशन छोटं, असं समजू नका. पाय ओढल्यामुळे मांडीला किंवा नाजूक जागी बधिरपणा येऊ शकतो, तो बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. क्वचित जंतुसंसर्ग होतो, रक्ताची गुठळी होते. हाड गरजेपेक्षा जास्त घासलं गेलं तर मान कमजोर होते. म्हणून हे काम नेहमी करणारा सर्जनच निवडावा.

नंतर काही आठवडे कुबड्या लागतात. धावायला साधारण तीन महिने, मैदानावर परतायला चार ते सहा महिने किंवा त्याहून जास्त. आमच्या विकेटकीपरला आठ महिने लागले. टाके निघाले की व्यायाम सोडणारे सर्वांत जास्त पस्तावतात.

हे ऑपरेशन सगळ्यांसाठी नाही. वाटी उथळ असेल तर नुसत्या दुर्बिणीनं सांधा आणखी सैल होऊ शकतो. कूर्चा आधीच झिजलेली असेल तर घासून-शिवून फारसा उपयोग होत नाही. टेनिसपटू अँडी मरे आठवतो? जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नला त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तरी दुखणं थांबलं नाही. वर्षभरानं लंडनमध्ये गोळ्यावर धातूची टोपी बसवावी लागली. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो अँटवर्पची स्पर्धा जिंकला, ही गोष्ट वेगळी! आपण घ्यायचं ते एवढंच की वेळेला महत्त्व आहे. पहिल्या महिन्यात ऑपरेशनाला धावू नका, आणि गोळ्या खाऊन चार वर्षं ढकलूही नका. गेलेली कूर्चा परत उगवत नाही.

आता आयांसाठी दोन शब्द. "ऑपरेशन झालं तर लग्नाच्या वेळी सांगायचं का?" हा प्रश्न मला मुलींच्या बाबतीत नेहमी विचारला जातो, मुलांच्या बाबतीत एकदाही नाही. दोन-तीन छोट्या व्रणांत लपवण्यासारखं काय आहे? लपवलेलं दुखणं मात्र पुढे दिसतंच, चालण्यात आणि जिना चढण्यात. स्थळाला काय वाटेल म्हणून मुलीची तपासणी दोन वर्षं पुढे ढकलली, तर ती दोन वर्षं तिच्या सांध्याच्या खात्यातून जातात.

सर्जनकडे जाताना हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. माझी कूर्चा कशी आहे? वाटी उथळ तर नाही? तीन महिने व्यायामानं काय साधेल? आणि वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

आणि हो, दुखतं कुठे असं विचारलं की सरळ 'जांघेत' म्हणा. आईसमोरसुद्धा.