सुट्टीतली प्रयोगशाळा

मे महिन्यात पुणे विद्यापीठाचं आवार शांत असतं. पण तिथल्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात सुट्टीत संशोधनाला आलेली मुलं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी चाळत बसलेली असतात. नारायणगावजवळ खोडद परिसरात तिच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. तरी दूरच्या दीर्घिकेच्या क्षीण संकेतात विजेच्या तारांचा, मोबाइलचा गोंगाट मिसळतोच. तो वेगळा काढण्यात दिवसच्या दिवस जातात. तांदूळ निवडावेत तसं हे काम, चिकाटीचं. आणि उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं; मार्गदर्शकालाही ते ठाऊक नसतं! हा अनुभव पदवीच्या वयातच मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. पण अशा जागा मोजक्याच. म्हणून प्राचार्यांना विनंती: येत्या उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला कुलूप लावू नका.