कुंचल्याची पारख व निगा

विमानांच्या, जहाजांच्या व आगगाडीच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृति जुळवून रंगविण्याचा छंद आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस आहे. छंद स्तुत्य आहे. त्यानें दृष्टि सूक्ष्म होते व हात स्थिर होतो. परंतु याविषयीं माझी एक तक्रार आहे, आणि ती विद्यार्थ्यांइतकीच पालकांपुढेंहि मांडावयाची आहे. प्लास्टिकच्या संचावर आपण मोकळ्या हातानें खर्च करितों. कुंचला मात्र हातीं लागेल तो घेतों. मग काम बिघडलें म्हणजे दोष मुलाच्या हाताला देतों.

संचाच्या पेटीवर पुष्कळदां १:७२ असें प्रमाण छापलेलें असतें. त्याचा अर्थ नीट पाहावा. या प्रमाणांत पावणेसहा फूट उंचीचा वैमानिक एक इंचाहूनहि थोडा ठेंगणा होतो. आणि प्रतिकृतीवरील एक मिलिमीटर जाडीची रेघ मूळ विमानावर ७२ मिलिमीटरांची, म्हणजे जवळजवळ तीन इंचांची ठरते. केस फाकलेल्या कुंचल्यानें इतकें बारीक काम कुशल कारागिरासहि साधणार नाहीं. मग मुलास कसें साधावें?

यावर कित्येकांची अशी समजूत असते कीं, बारीक कामास सर्वांत बारीक कुंचलाच हवा. ही समजूत चुकीची आहे. तीन शून्यांच्या कुंचल्यांत रंग इतका थोडा राहतो कीं, प्रतिकृतीपर्यंत पोहोंचतांच तो टोंकाशीं सुकूं लागतो. त्यापेक्षां भरल्या पोटाचा व अणकुचीदार टोंकाचा एक किंवा दोन नंबरचा गोल कुंचला बरा. पोटांत रंगाचा सांठा राहतो आणि टोंक रेघ ओढतें. पंख, जहाजाची बाजू अशा रुंद भागांसाठीं जोडीस एक चपटा कुंचला असावा. घेतांना दुकानदाराकडे थोडें पाणी मागावें. नव्या कुंचल्याचा आकार टिकावा म्हणून केसांस बहुधा खळ लाविलेली असते. ती धुतल्यावांचून केसांचे खरे गुण कळत नाहींत. मग कुंचला भिजवून झटकावा. केस आपोआप एका टोंकाशीं जुळले तर घ्यावा. फाकले तर परत करावा.

निगेचें मर्म एवढेंच कीं, रंग धातूच्या नळींत शिरूं देऊं नये. तेथें तो सुकला म्हणजे केस मुळापासून फाकतात व कुंचला कायमचा बिघडतो. म्हणून केसांच्या निम्म्या भागाच्या वर रंग लागूं देऊं नये. ॲक्रिलिक रंग पाण्यानें तत्काळ धुवावा. एनॅमल रंग टर्पेंटाईननें काढून मग साबण लावावा. तळहातावर साबणाचा फेंस करून त्यांत केस हलकेच फिरवावे, बोटांनीं टोंक जुळवावें आणि कुंचला आडवा वाळवावा. केस खालीं करून तो पेल्यांत उभा ठेवणें म्हणजे त्याचें टोंक हातानें मोडणेंच होय. जुना झालेला कुंचला मात्र फेंकूं नये. रंग ढवळण्यास तो चालतो.

आतां केसांविषयीं. पूर्वीं माझ्या पेटींत मुंगसाच्या केसांचा एक कुंचला होता. त्याचें टोंक ताठ व चिवट; वर्गांत मीं त्याची फार वाखाणणी केली. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारिलें, "सर, हे केस काढल्यावर मुंगूस जगतं का?" उत्तर मला ठाऊक होतें, आणि तें देतांना माझी मान खालीं गेली. या केसांसाठीं मुंगूस मारिलें जातें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तो संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. २०१९ सालीं सरकारी अधिकाऱ्यांनीं देशांत अनेक ठिकाणीं छापे घालून असे कुंचले जप्त केले. अज्ञानाची सबब मुलाला शोभेल, शिक्षकाला शोभत नाहीं. तो कुंचला मीं पुन्हां हातीं घेतला नाहीं.

हल्लीं नायलॉन व पॉलिएस्टरच्या तंतूंचे कुंचले सर्वत्र मिळतात. उत्तम केसांची सर त्यांस येत नाहीं व कालांतरानें त्यांचें टोंक वांकतें, हें मला मान्य आहे. परंतु ॲक्रिलिक रंगास ते चांगले चालतात, किंमतीनेंहि परवडतात आणि विद्यार्थ्याच्या कामास ते पुरेसे आहेत. एखाद्या मुक्या प्राण्याचा जीव घेऊन विमानाच्या पंखावरील रेघ किंचित् सरळ करावी, असें आपल्यापैकीं कोणासहि वाटूं नये.

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलास संच द्याल तेव्हां त्याबरोबर दोन चांगले कुंचलेहि द्या. आणि तो कशाच्या केसांचा आहे हें दुकानांत मुलासमक्ष विचारा. संध्याकाळीं "रंगवून झालें का?" असें विचारण्यापूर्वीं "कुंचला धुतलास का?" असें विचारा. ही संवय ज्या मुलास लागली, त्याच्या हातीं पुढें कोणतेंहि हत्यार निर्धास्तपणें देतां येईल.