नुसत्या हौसेवर गेम तयार होतो का?

मैत्रिणींनो, हौसेला मोल नाही, असं आपण लग्नकार्यात सहज म्हणून जातो. पण बारावी झालेला मुलगा किंवा नोकरी सोडायला निघालेली मुलगी “आई, मी व्हिडिओ गेम बनवणार, मला त्याचं वेडच आहे” म्हणू लागली, की या हौसेचं मोल कुणी द्यायचं, हा प्रश्न घरात येतोच. अशा वेळी तडकाफडकी “नाही” म्हणू नका आणि भावनेच्या भरात “हो”ही म्हणू नका. आधी थोडी माहिती करून घ्या.

गेम खेळायला आवडणं निराळं आणि बनवणं निराळं. लोणचं तर सगळ्यांनाच आवडतं. पण कैऱ्या फोडून, पुसून, मीठ-मसाल्याचा अंदाज घेऊन ते वर्षभर टिकवायचं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे! गेमचंही तसंच. प्रोग्रॅम लिहायचा, चित्रं काढायची, संगीत जुळवायचं आणि मग महिनोन् महिने चुका शोधत बसायचं. हा भाग कंटाळवाणा असतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा गेम अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणाने एकट्याने बनवला. २०११ मध्ये तो कॉम्प्युटरचा पदवीधर झाला. नोकरी मिळेना, तेव्हा हात बसावा म्हणून त्याने काम सुरू केलं. चित्रं मनासारखी होईनात, तर पुन्हा पुन्हा काढली. साडेचार वर्षं गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत गेम आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. मुलं आपल्याला एवढंच सांगतात. पण त्या वर्षांत त्याची जोडीदारीण कमावत होती, म्हणून घर चाललं. आणि तो स्वतःही एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. हे कुणी सांगत नाही, बरं का!

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी’ हा गेम करायला घेतला. २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकांकडे पैसे मागून पाहिले, ते जमलं नाही. तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळालं. पण लक्षात घ्या, यश आलं म्हणून ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली. घर विकूनही ज्यांचा गेम चालला नाही, त्यांची नावं छापून येत नाहीत.

मग घरात काय ठरवावं? पहिलं म्हणजे, शिक्षण किंवा नोकरी सांभाळून एक लहानसा गेम पूर्ण करायला सांगा. दहा मिनिटांचा का असेना, पण पुरा. अर्धवट सोडलेले पाच मोजायचे नाहीत. दुसरं, तो घराबाहेरच्या चारजणांना खेळायला द्यावा आणि ते कुठे अडतात ते न बोलता पाहावं. राग न धरता दुरुस्ती केली, तर गाडी रुळावर आहे असं समजा. तिसरं, मुदत आणि रक्कम कागदावर लिहा: किती महिने, दरमहा किती, आणि नाही जमलं तर पुढे काय.

आणि तुमच्या बांगड्या, तुमची म्हातारपणची ठेव या हिशेबात धरू नका. हौस मुलांची असते, पण ओढाताण बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. म्हणून कागदावर आकडे लिहिताना तुम्ही स्वतः शेजारी बसा. तो कागद पाहूनही मुलाचा उत्साह टिकला, तर मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवायला मागेपुढे पाहू नका.