वीतभरही नसलेले पापलेट

नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करायचे आणि मगच होडी पाण्यात लोटायची, ही आपल्या कोळी समाजाची पूर्वापार रीत. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, शिवाय अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा हंगाम. ज्या दर्याने पोसले, त्याला वर्षातून काही दिवस विसावा द्यायचा, हा विवेक कोणत्याही कायद्याआधीचा आहे. आज शासन १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवते, तेव्हा ते एका अर्थी याच परंपरेवर मोहोर उमटवीत असते. पण बंदी उठल्यावर काही आठवड्यांतच शहरांच्या बाजारांत तळहाताएवढ्या पापलेटांचे वाटे दिसू लागतात आणि दोन महिन्यांच्या संयमाचे फळ चार दिवसांत उधळले जाते. हे असे का होते, याचा विचार मासे पकडणाऱ्यांइतकाच मासे खाणाऱ्यांनीही करायला हवा.

मासा किती लांबीचा झाला म्हणजे पहिल्यांदा अंडी घालतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु मत्स्यव्यवस्थापनाचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती उभे आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय, तसेच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था येथील संशोधक आणि विद्यार्थी भल्या पहाटे बंदरावर उभे राहून उतरलेल्या माशांची लांबी-वजने नोंदवितात, पोट चिरून अंडाशयाची अवस्था तपासतात. अशा हजारो नोंदींतून त्या जातीच्या निम्म्या माद्या कोणत्या लांबीला प्रजननक्षम होतात, ते ठरते. त्याआधीच मासा मोठ्या प्रमाणावर पकडला गेला, तर पुढची पिढी जन्मालाच येत नाही. बियाण्याचे धान्य दळून खाणाऱ्या शेतकऱ्याची जी गत, तीच मग दर्यावर्दीची होते.

या अभ्यासाच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबिलासाठी १८०, तर सुरमईसाठी ३७०. त्याच वर्षी रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि १३५ मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नव्हे. ही अगदी तळाची मर्यादा आहे. तीही पाळली जात नसेल, तर राज्यमाशाचा मान कागदावरच राहील.

केवळ दंडाच्या धाकाने हे साधणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. डोल जाळ्यात भरतीच्या ओढीने जे येईल ते अडकते. जाळे वर ओढेपर्यंत पिल्लू बहुधा मेलेले असते. ते पाण्यात परत टाकून काय साधणार? खरा उपाय जाळ्याच्या आसात आहे. ट्रॉलच्या खोळीत चौकटी आकाराचा ४० मिलिमीटरचा आस वापरला, तर ताण आला तरी तो मिटत नाही आणि लहान मासा जिवंत निसटतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पण डिझेलचा खर्च आणि डोक्यावरचे कर्ज यांनी वाकलेल्या मच्छीमाराने नवे जाळे स्वखर्चाने घ्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. तरीही रात्रीच्या दर्यात दिवे लखलखतात, ही किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार कायम आहे. धनदांडग्यांना मोकळीक आणि लहान होडीवाल्याला मोजपट्टी, असे झाले तर नियमाविषयीचा आदर कसा राहील?

दुसरी उणीव विद्यापीठांच्या दारातली आहे. ज्या बंदरावर नोंदी घेतल्या, त्या बंदरावर निष्कर्ष परत जातात का? प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, ग्रंथालयात विसावतात. सातपाटीच्या तांडेलाला पापलेटाची वाट, पाण्याचा रंग आणि वाऱ्याची चाल जेवढी कळते, तेवढी ती प्रयोगशाळेत बसून कळणार नाही. तसेच पिल्लांच्या माऱ्याने साठा किती घटतो, हे गणित एकट्या तांडेलाला मांडता येणार नाही. दोघांनी एकत्र बसायला हवे, आणि तेही मराठीत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याच्या बांधावर कृषी सहायक जातो, तसा मच्छीमार सोसायटीत मत्स्य महाविद्यालयाचा पदवीधर गेला, तरच त्या दर्जाला अर्थ येईल.

समाजाने मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण दर्यापासून आत, नदीवर आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या आश्रयाने महसीर मासे निर्धास्त विहरतात. ग्रामस्थ त्यांना देवाचे मासे मानतात, चारा घालतात, मारीत नाहीत. तेथे ना पहारेकरी, ना पावती-पुस्तक. श्रद्धेने जे एका डोहात साधले, ते विस्तीर्ण सागरात साधायचे, तर श्रद्धेला शास्त्राची आणि शास्त्राला लोकांच्या निश्चयाची जोड हवी.

या निश्चयाची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून होऊ शकते. लहान पापलेटाचा वाटा स्वस्त पडतो म्हणून गृहिणी तो घेते. तो खपतो म्हणून बाजारात येतो आणि बाजारात येतो म्हणून पकडला जातो. मासळी बाजारात गेल्यावर वीतभरही नसलेले पापलेट नम्रपणे नाकारावे आणि त्याचे कारण विकणाऱ्या ताईंशी आपुलकीने बोलावे. दर्या अथांग असला, तरी त्यातील धन अथांग नाही. ते आपल्या नातवंडांच्या ताटातही पडावे असे वाटत असेल, तर आज आपल्या ताटात थोडे कमी पडले तरी चालेल.